बिनअंगणाच्या घरांची अलॉटमेंटबाई

अलॉटमेंटबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा पाणी नको म्हणाल्या, चहा नको म्हणाल्या, आणि दारात बूट काढता काढता मला म्हणाल्या, "वहिनी, कुकर लावा. मी बसते."

भर दुपारी चारला! मला वाटलं, बाई जेवून जाणार. पाहुणीला कशाला म्हणून कसं विचारायचं? मी आपले मुकाट्याने डाळ-तांदूळ लावले. त्या खुर्चीत ताठ बसल्या, कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि घर बघत राहिल्या. पहिली शिट्टी झाली तेव्हा मी बाल्कनीत कपडे काढत होते. तिथूनच ओरडले, "अहो, गॅस बारीक करा!" आमचे हे टीव्हीसमोर बसलेले. टीव्हीचा आवाज बंद, चित्रं नुसती हलतायत. हे जागचे हलले नाहीत. दुसऱ्या शिट्टीला मीच कपडे टाकून धावले.

"झालं माझं काम," बाई म्हणाल्या. "कुकरच्या शिट्टीला घरात जो उठतो, कुत्रं शेवटी त्याच्याच गळ्यात पडतं. म्हणून मी आधी तेवढं बघते."

तर त्या आल्या होत्या आम्हाला कुत्रा द्यायला. गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक बाल्कनी. अंगण म्हणाल तर तुळशीच्या कुंडीएवढं. कुत्र्याचं खूळ माझंच होतं, पण त्याला कारण होतं. हे केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून रिटायर झाले. रोज संध्याकाळी खाली बाकावर जमणारे यांचे मराठी मित्र एकेक करून पुण्याला परत गेले. लेक गुडगावला, तिचं ऑफिस, तिचा संसार. मग यांनी खाली जायचंच सोडलं. आजार म्हणावा तर रिपोर्ट सगळे स्वच्छ. बोलणं "हं" आणि "नको" यांच्यावर आलेलं. मी बडबडी बाई. मला घरात माणूस असून घर रिकामं वाटायला लागलं होतं. आणि खरं सांगू, भीती वाटायची. माणूस असाच खुर्चीत मावळत जातो, आणि आपण शेजारी भाजी निवडत बसतो.

बाईंचं खरं नाव सोसायटीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. सरकारी क्वार्टर वाटणाऱ्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दिल्लीत ज्यांनी क्वार्टरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावला, त्यांना कळेल की त्या खुर्चीतल्या माणसाशी लोक किती गोड बोलत असतील. मूळच्या नागपूरच्या, एकट्या, उंच, सुती साडीखाली पांढरे स्पोर्ट शूज. रिटायर झाल्यावर हिंडन नदीपलीकडे एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये जनावरांच्या डॉक्टरांनी सोडवून आणलेली कुत्री ठेवली होती, तिथे त्या जायला लागल्या. कुत्र्यांना घरं शोधायची. पण भाषा तीच जुनी. घर घेणारा तो अर्जदार, कुत्रं दिलं की अलॉटमेंट, आणि परत घेतलं तर कॅन्सल. मग नाव दुसरं काय पडणार?

मी म्हटलं, "बाई, आम्हाला आपलं छोटंसं पिल्लू द्या. पामेरियनसारखं. घर लहान आहे ना."

"पिल्लू नको," त्या म्हणाल्या. "मिश्र जातीचं पिल्लू पुढे केवढं होईल, कसं होईल, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. मोठ्या कुत्र्याचा सर्व्हिस रेकॉर्ड तयार असतो. आणि घर लहान म्हणून कुत्रं लहान, हे कोणी सांगितलं? छोटी कुत्री दिवसभर घरात क्रिकेट खेळतात. मोठं, पोक्त कुत्रं पंख्याखाली पडून राहतं."

"पण अंगण नाही हो."

"अंगण नाही तेच बरंय. अंगणवाले दार उघडून कुत्रं बाहेर सोडतात आणि परत झोपतात. कुत्रं बाहेर एकटं, माणूस आत एकटा. ज्याला अंगण नाही त्याला सोबत जावं लागतं. तुमचं अंगण तुमच्या पायांत आहे, वहिनी." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "आणि तुम्हाला न भुंकणारं देते. तुम्ही आणि ते एकदम बोलायला लागलात तर साहेबांनी ऐकायचं कोणाचं?"

यांच्या तोंडून "हं" असा आवाज आला. मला तो हसण्यासारखा वाटला, पण मी पैज लावणार नाही.

जाताना त्यांनी पिशवीतून एक विटका टॉवेल काढून यांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. "चार-सहा दिवस राहू द्या. धुवायचा नाही. मग मी तो शेडमध्ये नेते आणि कुत्र्यांपुढे ठेवते. जे त्याच्यावर येऊन झोपेल ते तुमचं. तुम्ही निवडायचं नाही. बघून निवडलं की माणूस डोळेच बघतो, आणि डोळे सगळ्यांचेच गोड असतात."

अशा त्या कडक. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक आयटीतलं जोडपं होतं. त्यांना हस्की हवा होता, तो बर्फातला. मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे चोवीस तास एसी आहे." बाई म्हणाल्या, "मग तुम्ही आइस्क्रीम ठेवा. कुत्रं कशाला?" आणि बूट घालून चालायला लागल्या. पुढे त्याच जोडप्याला त्यांनी एक काळी, थोराड देशी कुत्री दिली. ती दिवसभर झोपायची आणि दोघं कामावरून आल्यावर त्यांना फिरवून आणायची.

आमच्या टॉवेलावर जी येऊन झोपली ती तांबूस, मध्यमवयीन, एक कान उभा आणि एक पडका. बाईंनी ओळख करून दिली, "आईकडून करोल बाग, बापाकडून लॅब्रेडॉर." करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांपुढे ती वाढलेली. हॉर्न, हातगाडी, माणसांचा लोंढा, कशाचं म्हणून भय नाही. कुकरला तर तिने कान टवकारण्याचेही कष्ट घेतले नाहीत. मी नाव ठेवायला बसले, चंपा की मैना, तोच खुर्चीतून आवाज आला, "पेन्शन."

"काय?"

"रिटायर झाल्यावर मिळाली. पेन्शन."

कित्येक महिन्यांत यांनी स्वतःहून बोललेलं पहिलं वाक्य. मी लगेच मोदकांचा बेत केला.

आणि दुसऱ्या दिवशी सगळं ओमफस झालं. ती लिफ्टमध्ये जाईना. आणली त्या दिवशी आमची लिफ्ट बंद होती, म्हणून बाईंनी तिला जिन्याने वर आणलं होतं. आता लिफ्टचं दार उघडलं की ती जमिनीला पोट लावायची, नखं फरशीवर रुतवायची आणि थरथर कापायची. मी चुचकारलं, बिस्किटं दाखवली. गार्ड म्हणाला, "आंटीजी, उठा के डाल दो अंदर." पण उचलते कशी? वजन माझ्या नातवाहून जास्त! आणि माझे गुडघे असे, की लिफ्टवाचून मी खाली जाऊच शकत नाही. बाईंना फोन केला. त्या संध्याकाळी पट्टा घेऊनच आल्या.

"चूक माझी," त्या दारातच म्हणाल्या. "लिफ्टमध्ये नेऊन बघितल्याशिवाय मी बिल्डिंगमध्ये कुत्रं कधी देत नाही. यावेळी बंद होती म्हणून पुढे ढकललं. बिनअंगणाच्या घराला लिफ्ट नको असलेलं कुत्रं म्हणजे त्याला कोंडून घालणं. कॅन्सल करते. हिला खालच्या मजल्याचं घर बघू."

पेन्शन यांच्या पायाशी होती. बाई पट्टा लावायला वाकल्या आणि हे म्हणाले, "नोटीस कुठे आहे?"

बाई वाकलेल्याच थांबल्या.

"कारणे दाखवा नोटीस दिल्याशिवाय ताबा काढून घेता येत नाही. तुम्हाला हे मी सांगायचं?"

मी पदर तोंडावर धरला. बाई सरळ उभ्या राहिल्या. साडीची निरी झटकली. खुर्ची ओढून यांच्यासमोर बसल्या. "ठीक. अर्जदाराचं म्हणणं तोंडी ऐकते. बोला."

"कारण काय दाखवलंय? लिफ्ट," हे म्हणाले. आवाज बसलेला, वापरात नसल्यासारखा. "आपल्या सरकारी क्वार्टरांना लिफ्ट होती का? मी नोकरीभर जिने चढलो. गॅसचा सिलिंडर चढवला, पोरीला खांद्यावर घेऊन चढलो. तिसराच मजला आहे. ही जिन्याने जाईल."

"ती जाईल हो. वहिनी जिना उतरू शकत नाहीत. नेणार कोण?"

खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता. हे पेन्शनच्या पडक्या कानाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता "हं" म्हणतील आणि टीव्हीकडे वळतील. पट्टा बाईंच्या हातात तयार होता.

"मी," हे म्हणाले.

"सकाळ-संध्याकाळ? थंडीत? धुक्यात?"

"मी म्हटलं ना."

बाईंनी पट्टा यांच्या हातात दिला. "अपील मंजूर. आत्ता घेऊन जा, मी इथून बघते."

हे गेले. बाल्कनीतून आम्ही दोघी बघत होतो. हे खाली बाकापर्यंत गेले, जिथे यांचे मित्र बसायचे तिथे क्षणभर थांबले, आणि पेन्शनने ओढलं तसे पुढे निघाले. मी रडत होते. बाईंना म्हटलं, "तुम्ही हे मुद्दाम केलंत ना?" लोकांना अजूनही तसंच वाटतं. पण बाई म्हणाल्या, "नाही हो वहिनी. मी खरंच चुकले. आज मी तिला घेऊन जाणारच होते." असंच त्या जिथे तिथे सांगायच्या. स्वतःची चूक इतक्या कौतुकाने सांगणारी सरकारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढे सकाळी गेटवर गार्ड ओरडायचे, "पेंशन आ गई, पेंशन आ गई!" आणि यांच्यामागे सोसायटीतले इतर रिटायर लोक चालायला लागले. हे बाईंबरोबर शेडमध्येही जाऊ लागले. अर्जदारांकडे दोघं जोडीने जायचे. बाई कुकर लावायला सांगायच्या, हे लिफ्ट बघून यायचे.

एवढं सगळं, पण बाईंच्या स्वतःच्या घरी कुत्रं नव्हतं. मी एकदा विचारलंच. "वाटणाऱ्याने स्वतःला ठेवायचं नसतं," त्या म्हणाल्या. "नोकरीतसुद्धा मी नंबर लागण्याआधी क्वार्टर घेतलं नाही. एका खोलीत राहिले. एकदा आपल्यासाठी उचललं, की मग हात थांबत नाही." बोलताना पेन्शनचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, आणि त्यांचा हात काही थांबत नव्हता.

मग त्यांच्या कमरेने दगा दिला. पडल्या, ऑपरेशन झालं, आणि पानिपतला राहणारा भाचा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. त्याचा चादरी-ब्लँकेटांचा धंदा, विणायचे माग घरामागेच. भेटायला म्हणून यांनी कितीतरी काळाने गाडी बाहेर काढली, हायवेवर एकदाच चुकले. बाई व्हरांड्यात बसलेल्या, पुढ्यात वॉकर, आणि समोर हे मोठं अंगण, पेरूचं झाड, गवत.

"बघा थट्टा," त्या म्हणाल्या. "अंगण मिळालं आणि पाय गेले."

हे खुर्चीवर बसले आणि भाच्याच्या बायकोला म्हणाले, "बेटा, ज़रा कुकर लगा दो."

"माझ्यावरच?" बाई उसळल्या.

निघताना यांनी त्यांचा टॉवेल मागून घेतला. पंधरवड्याने गाडीच्या मागच्या सीटवरून उतरला तो काळा, म्हातारा, तीन पायांचा बोका कुत्रा. बोका हे त्याचं नाव. शेडमध्ये तो सगळ्यांत जुना, कोणी कधी मागितलाच नव्हता.

"वाटणाऱ्याने..." बाईंनी सुरुवात केली.

"वाटणारा आता मी आहे," हे म्हणाले. "तुम्ही अर्जदार. तो धावणार नाही, तुम्हीही धावणार नाही. अपील करायचं असेल तर तोंडी ऐकतो."

बोका तीन पायांवर लंगडत गेला आणि वॉकरला टेकून बसला. "मागांच्या खटखटीला घाबरतो का?" बाईंनी विचारलं, आणि आवाज कडक ठेवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

दोन हिवाळे ती दोघं त्या अंगणाच्या कडेला उन्हात बसली. या वर्षी थंडीच्या अखेरीला बाई गेल्या. आम्ही दिवसांना पानिपतला गेलो. बोका त्यांच्या रिकाम्या खुर्चीखाली होता. आम्ही पेन्शनच्या शेजारी त्याचं अंथरूण टाकायचं ठरवूनच निघालो होतो. भाचा सोफ्यावर बसलेला, डोळे सुजलेले. म्हणाला, "काका, राहू दे ना त्याला इथेच. बिल्कुल काही अडचण नाही. एवढं मोठं अंगण आहे."

हे खुर्चीवर ताठ बसले. मला काही सांगावं लागलं नाही. मी आत भाच्याच्या बायकोला म्हटलं, "बेटा, कुकर लगा दो."

"अभी, आंटीजी?" ती म्हणाली, पण तिने लावला.

शिट्टी झाली. तिचे हात कणकेत होते. भाचा उठला. स्वयंपाकघराच्या वाटेवर बोका आडवा होऊन पडला होता, तर हा थांबला, खाली वाकला आणि आत्याच्या आवाजात म्हणावं तसं म्हणाला, "सरक रे बाळा, पाय पडेल तुझ्यावर." मग त्याला ओलांडून गेला आणि गॅस बारीक केला.

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बूट घालायला उठले.

"झालं आपलं काम," म्हणाले.