फाट्यावरचा पालथा ग्लास

जुलै १९९८ मधला दुसरा रविवार. रक्कम तीन रुपये, दोन चहाचे. हजर मी आणि टपरीवरच्या मावशी. दुसरा चहा ज्यांच्यासाठी सांगितला होता, ते हजर नव्हते.

टपरी शिरूरहून केडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, न्हावऱ्याच्या पुढे एका फाट्यावर होती. चार खांब, वर पत्रा, शेजारी लिंबाचं झाड. रविवारी सकाळी मी शिरूरहून सायकलनं तिथवर जात असे आणि ते केडगावहून येत. दोघांनाही वीसेक किलोमीटर पडत. चहा प्यायचा, अर्धा तास बसायचं, मग मी उत्तरेला परत आणि ते दक्षिणेला. यात दुसरं काही काम नव्हतं.

त्या वर्षी मी त्रेचाळीसचा होतो. शिरूरजवळच्या एका कारखान्यात, हिशेब खात्यात माझी बदली झाली होती. पत्नी मिरजेला परिचारिका, दोन्ही मुलं तिथल्या शाळेत. तिची नोकरी सोडवून, मुलांच्या शाळा बदलून सगळ्यांना शिरूरला आणणं आमच्या पगारात बसत नव्हतं, म्हणून मी एकटा खोली घेऊन राहिलो. महिन्यातून एकदा मिरजेला जायचो. बाकीचे रविवार माझ्यावर येऊन पडत. मेस रविवारी एकच वेळ चाले. कपडे धुऊन झाले, पेपर वाचून झाला की दहा वाजलेले असत आणि पुढे अख्खा दिवस असे. बोलायचं म्हटलं तर घरमालक होते, पण ते भाड्याच्या दिवशीच बोलत.

जुनी काळी सायकल मी घेतली ती कारखान्याच्या बसपर्यंत जायला. एका रविवारी बसस्टॉपवर न थांबता पुढे गेलो आणि तेच सुरू झालं.

सायकलवर विनाकारण जाणारा मध्यमवयीन माणूस त्या भागात कुणाला पटत नसे. मी निमोण्यावरून जाई, कारण तो रस्ता लांबचा असला तरी ट्रक कमी. तिथे मोरीच्या कठड्यावर एक आप्पा बसलेले असत.

"कुठं निघाला?"

"असंच. फिरायला."

"सायकलवर? पगार झाला न्हाई व्हय?"

पुढच्या वेळी मी म्हणालो, न्हावऱ्याला काम आहे. तर त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी लांबूनच विचारलं, "झालं का काम?"

"नाही अजून."

"वकील बदला," आप्पा म्हणाले.

त्यामुळे फाट्यावर पहिल्यांदा त्या गृहस्थांची गाठ पडली आणि मी सवयीनं "इकडे काय काम काढलंत?" विचारलं, तेव्हा ते "काही नाही" म्हणाले, हे मला फार बरं वाटलं. त्यांनी मला विचारलं. मीही म्हणालो, काही नाही. दोघांच्या सायकली लिंबाला टेकलेल्या होत्या. त्यांची जुन्या रेसची होती, वाकड्या हँडलची, हँडलला कापडी पट्टी गुंडाळलेली.

ते दौंडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होते, राहायला केडगावात. रविवारी सकाळी विहारात वंदना असे, ती आटोपून निघत. घरात बारा माणसं. "मला घरात एकटं बसायला जागा नाही," ते म्हणत, "आणि तुमच्याकडे पाहुण्याचा कप धूळ खातोय. रेल्वेनं आपल्या दोघांचं पार्सल उलट्या पत्त्यावर टाकलंय." ते सायकल चालवत ती एकटं राहायला मिळावं म्हणून. मी चालवायचो ती कुणाशी तरी बोलायला मिळावं म्हणून. माझा अर्धा तास त्यांच्या एकांतातून जात होता हे मला माहीत होतं. त्यांनी कधी तसं दाखवलं नाही.

पाऊस आला आणि हे बिघडलं. आमच्याकडचा पाऊस कमी, पण त्याचा भरवसा नाही. शिरूरला गटारं वाहत असत आणि निमोण्याला धुरळा उडत असे. कधी मी कोरडा फाट्यावर पोचे आणि भीमेच्या बाजूला आभाळ काळं झालेलं दिसे. आपल्या दारातलं आभाळ पाहून दुसरा निघाला असेल की नाही, हे ठरवता येत नसे. त्यांच्याकडे फोन नव्हता, माझ्याकडेही नव्हता.

तर त्या रविवारी मावशींनी मला वळणावर पाहिलं आणि नेहमीसारखा दोघांचा चहा ठेवला. न्हावऱ्याला ऊन होतं. दक्षिणेला पाऊस कोसळत असावा. ते आले नाहीत. मी दोन्हीचे पैसे दिले.

"दुसऱ्याचं कशापाई देताय, सायेब? त्यो इकून टाकीन मी."

"राहू द्या. सांगितला होता."

"मंग त्यो त्येंचाच. आलं की दीन." आणि त्यांनी फळीच्या कोपऱ्यावर एक ग्लास पालथा घातला.

पुढच्या रविवारी शिरूरला पहाटेपासून धार लागली होती, मी निघालो नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेलो तर फळीवर पालथा ग्लास होता. मावशी म्हणाल्या, ते येऊन गेले. मी पैसे भरून ठेवलेला चहा प्यायले होते आणि माझ्यासाठी एका चहाचे पैसे भरून गेले होते. मग तीच रीत पडली. जो येईल त्यानं दोन चहाचे द्यायचे, आपला आधीच भरलेला असेल तर एकाचे, शिरूरची एसटी जाईपर्यंत वाट बघायची, दुसरा आला नाही तर ग्लास पालथा घालून निघायचं. ग्लास दिसला की समजायचं, माणूस येऊन गेला. त्या पावसाळ्यात आमची समोरासमोर भेट फार तर दोन-तीनदा झाली असेल, पण मला रविवार रिकामा वाटत नव्हता. परतताना वारा तोंडावर असला तरी चालायचं.

ऑगस्ट संपत आला तेव्हा ग्लास दिसेनासा झाला. मी पालथा घातलेलाही पुढच्या खेपेला जागेवर नव्हता.

"ते आले होते का?" मी मावशींना विचारलं.

"न्हाई बा. मी आपली रविवारचीच बसती आता, गुडघं धरल्यात. हप्ताभर सून बसती. ती म्हनती, कुनी भरलेला च्या मागितला न्हाई."

मी पुन्हा दोघांचे पैसे दिले. पुढच्या रविवारी पुन्हा. दक्षिणेला ढग दिसत होते, मी म्हटलं तिकडे पाऊस असेल. तिसऱ्या रविवारी एसटी थांबली तेव्हा कंडक्टर चहा प्यायला उतरला. त्याला विचारलं, केडगावला पाऊस किती आहे?

"कसला पाऊस? चौफुल्यापासून तोंडात माती जातीया. पंधरा दिस झालं, थेंब न्हाई."

म्हणजे पाऊस नव्हता. परत जाताना मी इतर कारणं काढत बसलो. आजारी असतील. बदली झाली असेल. किंवा कंटाळा आला असेल, आणि कंटाळा आलेला माणूस तो सांगायला वीस किलोमीटर येत नाही. त्यांना एकटं फिरायचं होतं, मी आपला दर रविवारी तिथे जाऊन बसत होतो. हेच कारण मला सगळ्यात खरं वाटलं. निमोण्याला आप्पांनी विचारलं, "काय झालं? केस हरला जनू." मी हो म्हणालो आणि पुढे गेलो.

तो आठवडा मी मेसमध्ये कुणाशी बोललो नाही; बोलायला कुणी नव्हतंच, पण एरवी ते लक्षात येत नसे. शनिवारी ठरवलं, केडगावला जायचं. कंटाळले असतील तर चेहऱ्यावर दिसेल, मग परत त्या रस्त्यानं जायचं नाही.

निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. फाट्यावर न थांबता पुढे गेलो, भीमेच्या पुलापर्यंत अंगावर घाम होता. पुलाच्या मध्यावर वारा एकदम पडला. पूर्वेकडून ढग आला आणि पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत थेंब लागायला लागले, सुपारीएवढे. तिथे एका ठिकाणी रस्ता उकरलेला होता आणि गाड्या शेतातून वळवल्या होत्या. काळ्या मातीचा चिखल दोन मिनिटांत मडगार्डात भरला आणि चाक फिरेना. बाभळीची काडी घेऊन चिखल काढायचा, दहा पावलं ढकलायचं, पुन्हा काढायचा. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. आडोसा नव्हता. वीज चमकली की मी सायकल खाली ठेवून लांब उभा राहायचो, लोखंड म्हणून, आणि मग पुन्हा उचलायचो. त्या वेळी मला एवढंच वाटत होतं की ज्याला मी नको आहे त्याच्या दारात या अवतारात जाऊन उभा राहणार आहे.

केडगाव स्टेशनाजवळ पाऊस थांबला. विहार विचारत गेलो. घर सापडायला वेळ लागला नाही; दारात चपलांची रास होती. एक म्हातारी जोत्यावर लसूण सोलत होती. ती त्यांची आई.

"कोन हवंय?"

मी पार्सल ऑफिसातल्या साहेबांचं नाव घेतलं. शिरूरहून आलो म्हणालो.

"आगं ए, भाएर ये," तिनं आत हाक मारली, "शिरूरचं आल्यात! सायकलवालं!"

त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत आल्या. माझ्याकडे पाहून त्यांना हसू आवरेना. "या, या. तुम्ही इथंच हायसा? आमी तर म्हनलं तुमची बदली झाली!"

"कुणी सांगितलं?"

"ह्येंनीच. रेल्वेनं ह्येंची सुट्टी फिरवली ना, रईवारची बुधवार झाली. आता दर बुधवारी जात्यात त्या फाट्यावर. च्याचं पैसं ठेवत्यात, ग्लास पालथा घालत्यात. पुढल्या बुधवारी बघावं तर ग्लास गायब, आन् तुमचा ग्लास काय दिसंना. म्हनले, सायेब गेले बदली होऊन, न सांगता गेले. ह्या बुधवारी जात न्हाई म्हनत हुते, यवतच्या अंगाला जाईन म्हनले."

मी दारात उभा होतो आणि अंगावरून पाणी गळत होतं. टपरीवर मावशींची सून फळीच्या कोपऱ्यावरचा पालथा ग्लास पाहून काय समजली असेल, हे तेव्हा लक्षात आलं. धुऊन निथळत ठेवलेला ग्लास पालथाच असतो. ती सकाळी येऊन सगळे ग्लास गोळा करत होती.

"ते घरी आहेत?"

"आज ड्यूटी की. दौंडला. संध्याकाळी येत्यात. थांबा."

थांबता येत नव्हतं, उजेडात परत पोचायचं होतं. त्यांनी मला त्यांचा शर्ट दिला, लुंगी दिली, चुलीजवळ बसवलं. पानात भाकरी, मटकीची उसळ, लसणाची चटणी. घरातली सगळी माणसं आळीपाळीनं येऊन मला बघून गेली. म्हातारी म्हणाली, "येवढ्या पावसात, च्याच्या ग्लासापाई?" आणि तिनं माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली. पॅन्ट वाळेना, तशीच ओली घातली. निघताना मी म्हणालो, "त्यांना सांगा, ग्लास होता. दर रविवारी होता."

"आन् बुधवारी फाट्यावर जावा म्हनू ना?"

"हो. जा म्हणा."

परत फाट्यावर आलो तर तिथे थेंब पडलेला नव्हता. मावशी माझ्या पॅन्टकडे बघत राहिल्या. "कुठं बुडाला, सायेब?" मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बया! सून म्हनायची, बुधवारी येक येडं गिऱ्हाईक येतं, येक च्या पितं आन् दोनाचं पैसं ठेवतं. मला काय ठावं त्ये आपलं रेल्वेचं बाबूच म्हनून!"

त्यांनी सुनेला सांगितलं, आणि पत्र्याखालच्या खांबावर दोन खिळे मारून त्यांच्यावर छोटी फळी बसवली. त्या फळीवरच्या ग्लासाला हात लावायचा नाही. शर्ट धुऊन, इस्त्री करून मी पुढच्या रविवारी तिथे ठेवला. तो बुधवारी गेला.

त्यांची सुट्टी पुन्हा रविवारी आली नाही, माझी बुधवारी येणं शक्य नव्हतं. पुढची साडेचार वर्षं मी रविवारी त्यांनी भरलेला चहा प्यायलो आणि ते बुधवारी मी भरलेला. एका दिवाळीत त्यांनी रजा काढली, आम्ही तिथे समोरासमोर बसलो. पाऊस, मुलांच्या परीक्षा, टायरच्या किमती झाल्या. एसटी यायच्या आधीच बोलणं संपलं. दोघांनाही थोडं अवघड झालं. ग्लासावर जमत होतं तेवढं समोर जमलं नाही. पुन्हा आम्ही तसा घाट घातला नाही.

मे २००३ मध्ये माझी बदली सांगलीकडे झाली. शेवटच्या रविवारी निघालो तेव्हा ऊन होतं, न्हावऱ्याला वळवाचे चार थेंब पडले आणि फाट्यावर पुन्हा ऊन. मावशी आता येत नव्हत्या, रविवारीही सूनच बसे. फळीवर माझा ग्लास पालथा होता. तिनं तो सरळ करून चहा ओतला.

"बुधवारी त्यांना सांग, साहेबांची बदली झाली. या वेळी खरीच झाली."

"व्हय, सांगते. मंग आता ग्लास?"

चहा तेव्हा तीन रुपयांना झाला होता. माझा चहा त्यांनी आधीच भरलेला होता. तरी मी दोनाचे दिले, सहा रुपये, मावशींच्या सुनेच्या हातात. एक ग्लास बुधवारचा, आणि एक त्याच्या पुढच्या बुधवारचा. दोन्ही फळीवर पालथे घातले आणि निघालो.