मंगळवारी न येणारा कण

गिरजा रहांगडाले सौंदडकडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहे. म्हणजे परीक्षानळ्या धुणं, चहा आणणं आणि सरांचं विज्ञान ऐकून घेणं.

पदार्थविज्ञानाचे केशोराव सर एकाच टोकाचा चुंबक शोधत होते. चुंबक कितीही तोडा, प्रत्येक तुकड्याला दोन टोकं येतातच. पण एकाच टोकाचा कण कुठेतरी असावा, असं मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटतं. जगभर शोधूनही तो कोणाला गवसलेला नाही. सरांनी तांब्याच्या तारेचं वेटोळं टेबलावर ठेवून कॉम्प्युटरला जोडलं. कण त्यातून गेला की पडद्यावरची रेघ उसळणार.

दुसऱ्याच दिवशी रेघ उसळली. मग जवळजवळ रोजच. सरांनी नवा कोट शिवायला टाकला.

रेघांचे कागद फायलीत लावायचं काम गिरजाचं. महिन्याभरानं ती म्हणाली, "सर, तुमचा कण मंगळवारी येत नाही जी."

"काऊन?"

"मंगळवारी बाजूची मुन्नालालची राईस मिल बंद राहते. बाकी दिवशी नऊला मोटर सुरू होते, तवाच रेघ उडून राहिली."

"गिरजाबाई, तुम्ही चहा पाहा."

सरांनी पत्रकार बोलावले. गावात फलक लागला, त्यावर कणापेक्षा संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो मोठा. बातमी वाचून नागपूरच्या विद्यापीठातल्या दिव्या मॅडम तपासायला आल्या. फाईल चाळून त्यांनी विचारलं, "मंगळवारी काय होतं?" सर छताकडे पाहू लागले. गिरजानं सांगितलं.

मॅडमनी मुन्नालालला फोन करून मोटर पाच वेळा बंद-चालू करायला लावली. पाचही वेळा रेघ उसळली.

"मतलब कण हमारी मिल का है?" मुन्नालाल खूश. "बोर्ड लगा दूँ?"

सर हरले नाहीत. सहा महिन्यांत एका विज्ञान मासिकात त्यांचा लेख छापून आला: 'कणशोधात गिरणीच्या मोटरींचा अडथळा'. लेखक केशोराव, प्राचार्य आणि अध्यक्ष. गिरजाच्या मुलीनं, रीनानं, तो शेवटपर्यंत वाचला. आईचं नाव कुठेच नव्हतं.

गिरजा प्राचार्यांकडे गेली. "परिचराचं नाव लावायचा नियम नाही," ते म्हणाले. तिनं रीनाकडून दिव्या मॅडमना लिहवून घेतलं. मॅडमनी मासिकाला खरमरीत पत्र धाडलं. पुढच्या अंकात दुरुस्ती आली: हे निरीक्षण मूळचे श्री. गिरीश रहांगडाले यांचे.

रीना चिडली. गिरजा मात्र पोट धरून हसली आणि तो अंक घेऊन थेट ऑफिसात गेली.

"माणूस केलाच आहे, तर त्या श्रीमानाले उद्यापासून चहा सांगू नका जी."