गावोगावच्या पायऱ्यांची गॅलरी

यशवंतनाना पाटील यांची आणि माझी पहिली भेट मंदिरात झाली. माझे प्रवचन संपले, नानांनी प्रसाद घेतला आणि विचारले, ‘‘बुवा, सप्त्याच्या पंगती गावं कशी वाटून घेतात?’’ प्रश्न मला पाकशाळेचा वाटला. निघाला तो फुटबॉलचा.

नाना निवृत्त क्रीडाशिक्षक. जळगावच्या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या मालकांनी त्या दिवसांत निर्वाणीचे कळवले होते, की पक्की गॅलरी नसेल तर संघ सुरतला नेऊ. महापालिकेकडे निधी नव्हता. मैदान संघाच्या नावे केल्यास कडेने दुकाने काढून त्यातून गॅलरी बांधू, अशी तोड मालकांनीच सुचवली आणि मैदान समितीतील बहुतेकांना ती पटली. नाना तेवढे उठून म्हणाले, ‘‘मैदान देऊन संघ ठेवला, तर उद्या तो गेल्यावर आपल्याकडे काय उरेल?’’

मला कुतूहल वाटले. संघातील मुले गोव्याची, मणिपूरची, केरळची. मग तो जळगावचा कसा? मी तसे विचारले. नाना आपल्या बोलीत म्हणाले, ‘‘बुवा, कीर्तनकार बी बाहेरगावनाच ऱ्हातस ना? तरी सप्ता आपलाच शे.’’ मग मी त्यांना पंगतींची रीत सांगितली, एकेका गावाकडे एकेक दिवसाची पंगत.

पुढे नाना गावोगाव फिरले. महापालिकेची परवानगी घेऊन, पंगत द्यावी तशी त्यांनी एकेका गावाला गॅलरीची एकेक पायरी दिली. नशिराबादने पहिली घेतली, अमळनेरने तिच्यावरची. कोणी सिमेंट दिले, कोणी वाळू, कोणी अंगमेहनत. मैदान शहराचेच राहिले.

पहिल्या सामन्याला मंडळी आली आणि सप्त्याच्या सवयीने वहाणा खाली काढून पायऱ्यांवर मांडी घालून बसली. पाहुणा संघ खेळ सोडून तो वहाणांचा ढीग पाहत राहिला. संघाचे व्यवस्थापक कुरकुरले, ‘‘नाना, हे कीर्तन नाही.’’ नाना हसून म्हणाले, ‘‘पायरी त्यांची आहे. कसं बसायचं ते त्यांना ठरवू द्या.’’

तेवढ्यात खुद्द मालक आले आणि बुटांकडे पाहत घुटमळले. पहिल्या पायरीवरच्या एक अक्का म्हणाल्या, ‘‘ठेव रे भाऊ, आठे कोन्ही लई जात नही.’’ इथून कोणी काही नेत नाही, हे ऐकून मालकांनी बूट काढले. मध्यंतरात त्यांनी नानांना हळूच विचारले, ‘‘यात माझी पायरी कोणती?’’

‘‘सर्वांत वरची. अजून बांधायची आहे.’’

ती आता बांधून होत आली आहे आणि या हंगामात संघ इथेच आहे. पुढचे मालकांनी सांगितलेले नाही, नानांनीही विचारलेले नाही.

माझी दृष्टी मंद झाली आहे. म्हणून प्रत्येक सामन्यात नाना शेजारी बसून खेळ सांगतात. मी एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारतो आणि ते न कंटाळता उत्तर देतात. नानांच्या या अमृतमहोत्सवी वर्षी, ऋषींनी मागितलेले शंभर शरद निरामय देहाने त्यांच्या वाट्याला यावेत, अशी श्रीचरणी प्रार्थना करतो. या प्रार्थनेत माझा स्वार्थही आहे. चेंडू मला दिसत नाही. तो कुठे आहे, हे मला नानांकडूनच ऐकायचे आहे.