गाळलेली पानं

अण्णांची नजर जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकांच्या बांधणीचं काम केलं. संध्याकाळी लेक कामावरून आली की तिनं एका जुन्या कादंबरीतलं वीस मिनिटं वाचून दाखवायचं, एवढाच आता त्यांचा हट्ट.

आणि लेकीची अवस्था काय विचारता! कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचायच्या, दिवसाला दोनशे, आणि प्रत्येकाला 'क्षमस्व' पाठवायचं. घरी आली की दिवाणावर अंग टाकून फोनवर बोट फिरवत पडायची. काय पाहिलंस विचारलं, तर सांगता यायचं नाही.

मग ती पानं गाळायला लागली. आधी दोन, मग पाच. अण्णांना काय कळणार! अहो, बाइंडरला पानांत फसवायला निघाली होती ही!

एका संध्याकाळी तिनं एकदम बारा पानं उलटली, तीन-चार पानं कशीबशी उरकली आणि म्हणाली, "झालं आजचं."

"दे इकडे." अण्णांनी कालच्या खुणेचा दोरा चाचपला, वाचलेल्या पानांची जाडी अंगठ्यानं जोखली. "पंधराएक पानं पुढं आलीस. एवढ्या वेळात चार होतात."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी फार थकते हो, अण्णा. शब्द नुसते डोळ्यांवरून जातात. मला आता वाचताच येत नाहीसं झालंय." बोलता बोलता तिला रडू फुटलं.

"मला का ते माहीत नाही? ही गोष्ट मी तीनदा वाचलीय. मला ती ऐकायचीच नव्हती. लहानपणी तू पुस्तक घेऊन बसलीस की जेवायला हाका मारून मारून आमचा घसा बसायचा. ती पोरगी कुठं गेली, तेच बघत होतो."

तिनं डोळे पुसले, पानं मागं उलटली आणि वाचायला लागली. पहिलं पान जड गेलं, दुसऱ्यावर ती दोनदा अडखळली. गोष्टीतल्या बहिणीनं भावाला दार का उघडलं नव्हतं, ते याच गाळलेल्या पानांत होतं. तिचा आवाज हळूहळू मोकळा झाला.

बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, "पुरे आता, दमली असशील."

"थांबा हो," ती पान उलटत म्हणाली, "मध्ये बोलू नका."