डावीकडून येणारी पात्रं

कल्पित जगालाही नियम असावे लागतात, हे माझं ठाम मत आहे. ते मी शाळेत सांगत नाही. तिथे मला आठवीच्या वर्गाला प्रकाशाचं परावर्तन शिकवायचं असतं. ते रविवारी दुपारी, बारामतीच्या माझ्या घरी, दाजींसमोर मांडलं जातं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते भवानीनगरला साखर कारखान्यात नोकरी करतात. अंतराळयानं, उडणारे अजगर, काळात मागेपुढे जाणारी माणसं यांचं वेड त्यांना माझ्याइतकंच आहे. ताईला मोटरसायकलवर मागे बसवून ते येतात, जेवणं होतात आणि मग आम्ही दोघं चालू मालिकेचा नवा भाग बघतो. दाजींची खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ असते. लांबून लढाई बघणं म्हणजे बांधावरून कुस्ती बघणं, असं ते म्हणतात.

आमची मतं बहुधा जुळतात. अलीकडच्या मालिकांत जादूची कोणाला झळ लागत नाही, म्हणून तिची भीतीही वाटत नाही. मेलेलं पात्र दुसऱ्या विश्वातून परत आणलं की मरणाला वजन उरत नाही. आणि लढाया इतक्या काळोखात चित्रित करतात की कोण कोणाला मारतंय ते समजत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर तर आमचं कधीच दुमत झालं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात दाजींनी एक नवी तक्रार सुरू केली.

"ही पात्रं हवेतनं उगवत्यात, मास्तर. आत्ता न्हवता, आत्ता हाय. लिहिणारे आळशी झालेत."

मी मान डोलावत असे. आळशी लेखन हा माझाही आवडता विषय आहे.

त्या रविवारी दरबाराचा प्रसंग होता. भर दुपार, उघडं प्रांगण, सगळीकडे ऊन. राजा बोलत असताना त्याच्याच सेनापतीने पुढे येऊन त्याच्यावर कट्यार चालवली.

"ह्यो कुठनं आला?" दाजी वैतागले. "बघा, पुन्हा तेच."

"तो सुरुवातीपासून तिथेच आहे, दाजी. डाव्या खांबाशी."

"न्हाय."

मी प्रसंग मागे नेला आणि चित्र थांबवलं. सेनापती खांबाशी स्पष्ट उभा होता, त्याच्या चिलखतावर ऊन चमकत होतं. दाजी समोर बघत राहिले. मग त्यांनी मान डावीकडे वळवली.

"अंधार करून ठेवत्यात," ते म्हणाले.

त्या चित्रात अंधार नव्हता. मागच्या रविवारची पात्रं मी एकेक आठवू लागलो. यानात अचानक आलेली बहीण, पुलावर अचानक आलेला दूत. दोघंही डावीकडून आले होते.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, असं मी मुलांना सांगतो. मी दाजींच्या समोर खुर्ची घेतली.

"जरा माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. बोट दिसलं की सांगा."

"शाळा घेताय व्हय माझी?" ते हसले, पण बसले.

उजवीकडून बोट आणलं तेव्हा ते लगेच "दिसलं" म्हणाले. मग डावीकडून आणू लागलो. बोट त्यांच्या कानापासून पुढे आलं, गालासमोर आलं, तरी दाजी शांतपणे माझ्या नाकाकडे बघत होते. मी बोट सावकाश आणखी पुढे आणलं.

"आणा की," ते म्हणाले.

ताई दारात उभी होती. तिच्या हातात जायची पिशवी होती. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं आणि गळिताचा हंगाम चालू होता. भवानीनगरच्या रस्त्याला दुतर्फा उसाचे ट्रेलर उभे असतात.

"बोट केव्हाचं समोर आहे, दाजी. आज तुम्ही गाडी चालवायची नाही."

"तुमी मला सांगणार? जल्म गेला गाडी चालवण्यात."

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. आज राहा."

"उद्या ड्युटी हाय." ते उठले, खिशातून किल्ली काढली. "चल गं."

ताई हलली नाही. ती माझ्याशी बोलली, त्यांच्याशी नाही.

"परवा कन्हेरीवरनं येताना एका ट्रेलरला घासून गेलो. माझ्या पदरात उसाचं पाचट अडकलं. हे म्हणले, त्याला दिवा न्हवता."

"न्हवताच," दाजी म्हणाले.

"दुपारचे बारा वाजले व्हते," ताई म्हणाली.

पडद्यावर तो सेनापती अजून खांबाशी थांबलेला होता. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग मान वळवून पुन्हा पाहिलं. किल्ली त्यांनी बराच वेळ मुठीत धरून ठेवली होती. शेवटी ती टीव्हीच्या टेबलावर ठेवली आणि ते पुन्हा खुर्चीत बसले.

"लावा पुढचं," ते म्हणाले. पुढचं कोणीच बघितलं नाही.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात अधिक. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली रोजच्या थेंबांनी राखता येईल. काचबिंदू दुखत नाही, त्यामुळे कळत नाही, असंही ते म्हणाले. ते मला पाठ्यपुस्तकातून ठाऊक होतं.

आता दाजी आणि ताई एसटीने येतात. खुर्ची मागे सरकली आहे, म्हणजे सगळा पडदा नजरेत मावतो. थेंब घालून झाल्यावर दाजी डोळे मिटून बसतात आणि त्यांनी उघडल्याशिवाय मी भाग सुरू करत नाही. मतं मात्र ते पूर्वीसारखी झटकन देत नाहीत. आधी माझ्याकडे वळतात.

परवाच्या भागात वाळवंटातल्या लढाईत नायकाला वाचवायला एक चेटकीण आली.

"ही आधीपासनं व्हती का, मास्तर?"

मी प्रसंग मागे नेला, सगळं वाळवंट नीट तपासलं.

"नव्हती, दाजी. खरोखर हवेतून आली."

"मंग लिहिणारा आळशीच हाय," दाजी म्हणाले आणि समाधानाने पाय लांब केले.