बलभीम टायपिस्टची हरवलेली तीन पानं

धाराशिवच्या कोर्टासमोर सव्वीस वर्षं टायपिंग करणाऱ्या बलभीमला एका जागी स्वस्थ बसणं म्हणून माहीत नव्हतं. बोटं कळांवर, पाय टेबलाखाली हलते, नजर घड्याळावर. आपल्यापायी एकाही पक्षकाराची तारीख हुकली नाही, हा त्याचा तोरा. बुधवारी मात्र दुपारी दोनलाच त्याला घाम फुटला.

नळदुर्गकडच्या सिताबाईचं शपथपत्र पाचच्या आत दाखल व्हायचं होतं. बापाच्या शेतातला वाटा ती राजीखुशीनं भावाला, बिराप्पाला, सोडतेय, असा मजकूर. सोमवारी अर्धं झालं, मंगळवारी दोघं भाऊबहीण समोर बसून उरलेली तीन पानं. बलभीम कच्चं लिहीतच नसे. ऐकलं की थेट टाईप. त्यात मंगळवारी सकाळीच कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकून घेतलेली.

आता छापायला फाईल काढायला गेला, तर पडद्यावर उत्तर : परवानगी नाही. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या मशिनवर! कपाळाला हात लावून त्यानं कळंबला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या भाचीला, रोहिणीला, फोन लावला. तिनं सांगितलं तसं ॲडमिन होऊन उघडलं. परवानगी मिळाली, पण आत सोमवारचंच अर्धं शपथपत्र. कालची तीन पानं गुल.

"मामा, फाईल ठेवता कुठं?"

"सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात. आमच्या उस्तादानं शिकवलं व्हतं, तिथं काय हरवत न्हाय."

"तिथंच घोळ झालाय. नवी सिस्टीम तिथं लिहू देत नाही, गुपचूप दुसरीकडं ठेवते. तुमची स्क्रीन इथून बघत मी शोधते. तुम्ही कशाला हात लावू नका."

साडेतीन झाले. बलभीम उठला, बसला, पुन्हा उठला. नुसतं मशिनच्या भरवशावर राहिलं तर तारीख जायची. सहीसाठी सकाळपासून आलेल्या भाऊबहिणींपैकी बाकावर आता सिताबाई एकटीच होती. बिराप्पा चहाला गेलेला. बलभीमनं वही काढली आणि लाज गिळून म्हणाला, "आक्का, कालची पानं सापडंनात. चुकी माझी हाय. पुन्हा सांगता का?"

"काल म्या कुठं सांगितलं? दादा बोलला. म्या मान हलवली."

बलभीम वरमला. 'राजीखुशीनं' हा शब्द तर काल बिराप्पाही बोलला नव्हता. हाताच्या सवयीनं त्यानंच घातला होता. त्याला स्वतःचाच राग आला.

"मग आता तुमी सांगा," तो म्हणाला.

सिताबाईनं आधी दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "लिव्हा. मला माझा वाटा पायजे."

तेवढ्यात फोन वाजला. "मामा, सापडली! तिन्ही पानं जशीच्या तशी. छापायला देऊ?"

"नगं," बलभीम म्हणाला. त्यानं उठून दार आतून लावलं आणि वही पुढं ओढली. "बोला आक्का. पाचला अजून वेळ हाय."