बाराला एक

"पेंटर, चाकाच्या खुर्चीचं चित्र काढा आणि मोकळे व्हा. उतार मोजायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

साहेब हे म्हणाले तेव्हा माझ्या हातात ब्रश नव्हता, टेप होता. मी निलंग्याचा बोर्ड पेंटर. पोलिओनं डावा पाय लहानपणीच नेला. कुबड्यांवर चालतो, त्यामुळे कुठल्याही इमारतीच्या भिंतींआधी मी पायऱ्या मोजतो.

हे सरकारी कार्यालय आमच्याकडच्याच एका तालुक्याच्या गावातलं. त्या गावाचा जिल्हा होणार अशी हवा होती. नळ दोन महिने कोरडा होता, पण जिल्ह्याची तयारी जोरात होती. नवा रंग, झेंड्यासाठी नवा ओटा आणि अपंगांसाठी रॅम्प.

रॅम्पचा हिशोब सोपा असतो. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. इथं जोतं तीन फूट उंच, म्हणजे छत्तीस फूट हवेत. हा रॅम्प टेपवर नऊ फुटांतच संपला. वरून चकचकीत टाइल्स. घसरगुंडी म्हणून काम पहिल्या नंबरचं होतं.

"साहेब, हे चित्र काढलं की फोटो निघणार, काम पूर्ण झालं म्हणून शेरा पडणार. मग हा उतार कायमचा."

"दुष्काळ आहे. नव्या काँक्रीटला पाणी कुठून आणू?"

मी शेजारी पाहिलं. झेंड्याच्या ओट्यावर पाइपनं पाणी मारणं चालू होतं.

फाटकापाशी सुशीलाताई तीनचाकी सायकलवर बसून होत्या. आमच्या अपंग संघटनेच्या अध्यक्षा, बी.ए. झालेल्या. पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे त्यांना दरवर्षी इथं येऊन सांगावं लागे. सहीचं रजिस्टर आत. ते बाहेर आणायला परवानगी नव्हती. म्हणून कारकून सुटा कागद आणि शाईचा पॅड घेऊन बाहेर यायचा.

"मला सही येती हो," ताई म्हणाल्या.

"हाव ताई, पर रजिस्टर आत हाय. द्या अंगठा."

ताईंनी अंगठा दिला आणि साडीच्या पदराला न पुसता माझ्यापुढे धरला. "बघा, माझी पदवी."

मी रंगाचे डबे पिशवीत भरले आणि चित्र न काढता घरी आलो. बायकोनं विचारलं, "काम झालं का?" म्हटलं, "माझं नाही, त्यांचंही नाही."

आम्ही पाच अर्ज दिले. पाचही अर्जांना एकच उत्तर : पाणी उपलब्ध झाल्यावर विचार करू.

पुढच्या वर्षी टँकर फाटकापर्यंतच यायला लागला. तिथून दोनशे लिटरचा ड्रम चाकाच्या गाड्यावर ठेवून आत न्यायचा, असं ठरलं. पायऱ्यांवरून गाडा जाईना, म्हणून रॅम्प आठवला. चार शिपायांनी गाडा ढकलला. अर्ध्यावर टाइल्सनी आपलं काम केलं. गाडा उलटा आला आणि थेट साहेबांच्या जीपवर गेला. दिवा फुटला. दोनशे लिटर पाणी मातीत गेलं, तेही दुष्काळात.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "पेंटर, तुमचं ते बाराचं काय होतं?"

जाऊन भिंत मोजून दिली. अठ्ठेचाळीस फूट मोकळी जागा होती. छत्तीस फूट चढ, मध्ये पाच फूट सपाट टप्पा, फरशी खडबडीत. काँक्रीटला पाणी मिळालं. दुष्काळ तोच, टँकर तोच. अकराव्या दिवशी गाडा आत गेला.

मग मी चित्र काढलं. त्याच दिवशी ताईंना बोलावून घेतलं. त्या रॅम्पच्या तोंडाशी आल्या, तर शिपाई आडवा.

"थांबा ताई. आधी ड्रम जाऊ द्या."

"जाऊ दे बाबा. त्याच्यामुळंच तर आले."

ड्रम गेला. मागून ताई गेल्या, कुणीही न ढकलता. रजिस्टरमध्ये पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, पुढे बी.ए. सही शेजारच्या रकान्यात गेली.

"ताई, एकच रकाना असतो," कारकून म्हणाला.

"मागचे लई शिल्लक हायेत माझे."

जिल्हा अजून झालेला नाही. मी मात्र अर्जाची पद्धत बदलली. दुसऱ्या एका कार्यालयाला नुकताच रॅम्पसाठी अर्ज दिला. पहिली ओळ अशी : ‘चाकावरून न्यायच्या सामानाच्या सोयीसाठी.’ माणसांचा उल्लेख शेवटी केला आहे, बारीक अक्षरात.